आमची वाटचाल : कापूस, पाणी आणि आखाजी

गोधडी खपते थंडीत आणि शिवली जाते उन्हाळ्यात. आमच्या धंद्याची सगळी आखणी या अडचणीभोवती झाली आहे. दिवाळीनंतर गिऱ्हाईक विचारू लागतं, तेव्हा इथल्या बाया कापूस वेचायला शेतात असतात. शिलाईला हात मिळत नाहीत. मिळाले तरी बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांनी बारीक टाका पडत नाही. मोकळीक मिळते ती चैत्र-वैशाखात. त्यातही आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी येतात. गौराई, झोके, सांजोऱ्या चालू असतात आणि दुपारी ओसरीवर गोधड्या पसरतात. वर्षभराच्या मालातला मोठा वाटा या एका महिन्याचा.

सुरुवातीचं काम घरोघरची जुनी लुगडी शिवून देण्याचं होतं. आता वरचा थर आम्ही स्वतः रंगवलेल्या मांजरपाटाचा, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडाचा करतो, आत मात्र जुन्या सुती साड्याच. नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. साड्या घेताना काठाचा एक धागा काढून पेटवायचा: सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, सिंथेटिक असेल तर कडक गोळी बनते. गोळी झाली की साडी परत. तिचा थर आतल्या आत सरकतो, आणि धुतल्यावर बाकीचे थर आटतात तसा तो आटत नाही, म्हणून गोधडीला फुगे येतात.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या साड्यांवर केळीच्या चिकाचे डाग असतात. ते निघत नाहीत, त्यामुळे सोडा-साबण वाया घालवू नये. चिकात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. रंगकामात वापरतो त्या लोखंडाच्या पाण्यात तो डाग आणखी काळा उठतो. असली साडी आतच घालायची.

रंगाचं काम फाल्गुनातच उरकावं लागतं, कारण वैशाखात टँकरच्या पाण्यावर रंगकाम परवडत नाही. मांजरपाट आधी सोड्यात तासभर उकळून खळ काढायची. इथे घाई केली की रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो, आणि पुढे कितीही उकळलं तरी ते ठिपके जात नाहीत. एक किलो कोरड्या कापडाला २०० ग्रॅम हिरड्याची पूड, रात्रभर भिजत. न धुता वाळवायचं, मग १५० ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात टाकायचं. डाळिंबाची वाळलेली साल अर्धा किलो, तासभर उकळून गाळलेली. तिच्यातून पक्का पिवळा मिळतो. तोच कपडा लोखंड-गुळाच्या आंबवलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवला की शेवाळी होतो. लोखंड जास्त झालं तर रंग सुरेख दिसतो, पण काही वर्षांत कापड कुजून फाटतं. त्यामुळे ते पट्ट्यांपुरतंच वापरतो. लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांचा; तिचं पाणी ७० अंशांच्या वर गेलं की लाल तपकिरीकडे झुकतो, म्हणून तिथे थर्मामीटर लागतोच. पळसाच्या फुलांची मागणी बरीच येते, फुलंही सातपुड्यात भरपूर. पण तो रंग उन्हात टिकत नाही. तो आम्ही विकत नाही.

वाळवण सावलीत, कडुनिंबाखाली. भर उन्हात कडा आधी वाळतात, रंग ओढला जातो आणि दोरीच्या जागी पट्टा उमटतो.

नेहमीचं माप ६० बाय ९० इंच. दोन सहावारी साड्यांत आतले तीन थर निघतात. थर फरशीवर पसरायचे, खाटेवर नाही. खाटेला झोळ असतो आणि तो झोळ गोधडीत उतरतो. खालचं अस्तर चारही बाजूंनी दोन इंच मोठं ठेवायचं, नंतर तेच दुमडून काठ होतो. आमच्याकडे धावदोरा काठाकडून आत फिरत जातो, त्यामुळे सगळा ढिलेपणा मध्ये गोळा होऊन पोट येतं. त्यावर उपाय एकच: हातहात अंतरावर घालायचे कच्चे टाके मधून काठाकडे घालणं. जाणत्या बाया हे बघूनच पुढे जाऊ देतात. ‘‘मधलं सपाट कर पोरी, मग सुई घे,’’ हे महिनाभर ऐकू येतं.

ओळीतलं अंतर पाऊण इंच, टाके इंचाला तीन. या हिशेबाने एका गोधडीला दोनशे मीटरच्या वर दोरा लागतो. सुईतला दोरा हाताएवढाच घ्यावा. लांब घेतला की कापडातून पुन्हापुन्हा जाऊन झिजतो आणि तिथेच तुटतो. रोज चार-पाच तास बसली तर एका बाईला पाच-सहा दिवस लागतात.

मजुरी आम्ही नगावर न देता टाक्यांच्या दाटीवर देतो. नगावर दिली की अंतर पाऊण इंचाचं सव्वा इंच होतं, आणि त्यात दोष शिवणारीचा नसतो. लेकी सासरी परततात तेव्हा अर्धवट गोधडी माहेरची बाई पुढे नेते. म्हणून हात बदलतो तिथे काठाला रंगीत दोऱ्याची खूण करून दोघींचा हिशेब वेगळा ठेवतो. एकाच गोधडीत दोन हातांची ओढ थोडी वेगळी दिसते. गिऱ्हाइकाने ती खोट समजू नये.

थंडीसाठी गोधडी हवी असेल तर ऑर्डर माघातच द्यावी, म्हणजे रंग फाल्गुनात बसतो. जुन्या साड्या देणार असाल तर धुऊन, फॉल काढून द्या. पहिल्या दोन वेळा गोधडी वेगळी, थंड पाण्यात धुवा, आणि रिठा वापरा. लिंबू किंवा व्हिनेगर लागू देऊ नका, पिवळ्यावर पांढरे डाग पडतात.