ब्राइसच्या थंडीत नळाला पाणी नाही

डिसेंबरात अमेरिकेतल्या फिनिक्सहून निघताना अंगात साधा सुती शर्ट पुरतो. फ्लॅगस्टाफ येईपर्यंत गाडी आणि मागचा राहण्याचा ट्रेलर सात हजार फुटांच्या उंचीवर पोचलेले असतात आणि रस्त्याच्या कडेला बर्फ दिसू लागतो. पुढे पेज, कानाब करत हायवे ८९ ने वर जायचं. हायवे १२ ला वळलं की रेड कॅन्यनमध्ये लाल दगडातून कोरलेले दोन छोटे बोगदे लागतात, आणि मग ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचं पठार. उंची आठ हजार फुटांच्या आसपास, उद्यानाच्या दक्षिण टोकाला तर नऊ हजारांच्या वर. नाताळच्या सुट्टीत यूटा राज्यात जाऊन ट्रेलरमध्ये राहायचं ही हौस अजितची. साताऱ्याहून आलेले बाबाही बरोबर होते. त्यांची अख्खी नोकरी जीवन प्राधिकरणात गेली, त्यामुळे ट्रेलर पाहिल्यावर त्यांनी बिछान्याआधी पाण्याची टाकी आणि पंप तपासला.

सकाळी मी सिंकचा नळ सोडला. त्याने फुसकन हवा सोडली आणि गप्प झाला.

पांघरुणातून बाबांचा आवाज आला, "पाणी सोडणाऱ्याला फोन केलास का?"

रात्री पारा उणे १८ सेल्सिअसला गेला होता, म्हणजे इथल्या हिशोबाने शून्य फॅरनहाइट. बाहेरच्या नळाला जोडायचा होस, म्हणजे रबरी पाइप, आम्ही संध्याकाळीच काढून ठेवला होता. थंडीतला शिरस्ता असा की ट्रेलरची टाकी भरून घ्यायची, होस रिकामा करून आत आणायचा आणि पंपावर काम चालवायचं. होस तसाच जोडून ठेवला तर सकाळी हातात बर्फाची लांबलचक काठी येते. अजितने पंपाचा खटका दाबला, पंप घरघरला, आणि बाथरूमच्या नळाला छान धार लागली. स्वयंपाकघरात मात्र गरमही नाही आणि गारही नाही.

"मेन लाइन चालू आहे, फाट्यावर अडलंय," बाबांनी निदान केलं आणि मफलर गुंडाळत ते उठले. इतक्या उत्साहात मी त्यांना त्या सबंध सुट्टीत पाहिलं नव्हतं.

ट्रेलरची रचना समजली की हे कोडं सुटतं. माणसं आत राहतात, पाणी बहुतेक फरशीखाली. ट्रेलरच्या पोटाला काळ्या पन्हळी प्लास्टिकचा पत्रा असतो. तो आणि वरची फरशी यांच्यामधल्या जागेत सांडपाण्याच्या टाक्या आणि बरेचसे पाइप बसवलेले असतात. फर्नेस म्हणजे ट्रेलर ऊबदार ठेवणारी, प्रोपेन गॅसवरची भट्टी; तिच्या गरम हवेची एक नळी तिथेही सोडलेली असते. पण आमचं सिंक आहे स्लाइड-आउटमध्ये, म्हणजे मुक्काम ठोकल्यावर भिंतीसकट बाहेर सरकणाऱ्या भागात. त्याला पाणी नेणारे लवचिक पाइप त्या सरकत्या भागाच्या खालून जातात आणि तिथे गरम हवा पोचतच नाही. ट्रेलरच्या दारावर 'चारही ऋतूंसाठी' असं स्टिकर आहे. त्यावर दिवाळी अंकातल्या राशिभविष्याइतकाच विश्वास ठेवावा.

मग सुरू झाला हेअर ड्रायरचा कार्यक्रम. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडली, मागची फळी स्क्रू काढून बाजूला केली. मी नळ पूर्ण उघडा ठेवला, कारण वितळलेल्या पाण्याला आणि वाफेला बाहेर पडायला वाट हवी. नळाकडून सुरुवात करून मागे मागे शेकत जायचं, मधूनच सुरुवात करायची नाही. बाहेर अजित बर्फात आडवा पडून स्लाइडखालच्या पाइपाला छोट्या हीटरचा वारा देत होता. तेवढ्यात बाबांनी चहासाठी मायक्रोवेव्ह लावला आणि सगळंच बंद पडलं. आमच्या ट्रेलरला ३० अँपिअरचा जोड आहे. १२० व्होल्टने गुणलं तर ३६०० वॉट. ड्रायर १५००, हीटर १५००, आणि वर मायक्रोवेव्ह म्हटल्यावर ब्रेकर ट्रिप होणारच. चहा मग गॅसवर झाला.

अजितचे बाहेर आलेले पाय पाहून शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा आले. मिनेसोटाचे, त्यामुळे उणे १८ ला ते टोपीही घालत नसावेत. त्यांनी आधी विचारलं, ज्योतीचा टॉर्च तर लावत नाही ना? पाइप प्लास्टिकचे आणि बाजूला प्लायवुड, तेव्हा ज्योत जवळ न्यायचीच नाही. मग त्यांनी आत वाकून पाहिलं आणि सांगितलं, की विजेच्या हीटरवर रात्र काढणाऱ्यांचे पाइप आधी गोठतात. हीटरने खोली ऊबदार होते, खोलीचं तापमान पाहून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला वाटतं सगळं ठीक आहे, फर्नेस सुरूच होत नाही आणि पोटातल्या पाइपांना मिळणारी गरम हवा बंद होते. म्हणून थंडीत फर्नेस चालू द्यायची, प्रोपेन संपलं तर संपलं. बाबांना हे इतकं पटलं की त्यांनी माझ्याकडून आजोबांना दोनदा धन्यवाद द्यायला लावले.

प्रोपेनवरून बाबांना आठवलं, आपल्याकडच्या सिलिंडरात ब्युटेनही असतं. ब्युटेन शून्याच्या जवळपास आलं की त्याचा वायू होणं थांबतं, प्रोपेनचा मात्र उणे ४२ पर्यंत होत राहतो. शुद्ध ब्युटेन आणलं असतं तर चहाही झाला नसता.

अखेर नळ थुंकला, थोडा बर्फाचा चुरा पडला आणि पाणी आलं. पाठोपाठ कपाटात टपटप सुरू झाली. अजितने धावत जाऊन पंप बंद केला. पांढरा पाइप शाबूत होता. तो पेक्स नावाच्या प्लास्टिकचा असतो, थोडा ताणतो आणि पुन्हा मूळ आकाराला येतो. पण त्याला जोडणारा कडक प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, बरोबर काटकोनात तडकला होता. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पण पाइप नेहमी बर्फ झालेल्या जागीच फुटतो असं नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि सर्वांत कच्ची जागा तडकते. आयुष्यभर फुटलेल्या लाइनी पाहिलेल्या बाबांना हे नवीन होतं, आणि नवीन म्हणूनच प्रिय. तो एल्बो त्यांनी खिशात घातला.

पँग्विच गाव २४ मैलांवर. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात दाबून बसवायचा पितळी एल्बो मिळाला. पाइप सरळ कापायचा, जोरात आत ढकलायचा, झालं. ना सोल्डर, ना पान्हा. तेवढ्यात बाबांनी दुकानदाराला विचारून घेतलं की इथे पाण्याची पाइपलाइन जमिनीखाली किती फूट टाकतात. उत्तर ऐकून ते गप्पच झाले.

दुपारी सनसेट पॉइंटला गेलो. तिथून खाली उतरणाऱ्या नावाहो लूप या पायवाटेची 'वॉल स्ट्रीट' नावाची बाजू हिवाळ्यात बंद असते, कारण बर्फ आणि वरून सुटणारे दगड. कड्यावरूनच पाहिलं. खाली हजारो लाल-नारिंगी सुळके, त्यांना इथे हूडू म्हणतात, आणि त्यांच्या डोक्यांवर बर्फ. फलकावर लिहिलं होतं की दिवसा वितळलेलं पाणी चुनखडकाच्या भेगांत शिरतं, रात्री गोठतं, फुगतं आणि खडक फोडतं. ब्राइसला वर्षातले जवळपास अर्धे दिवस हेच चालतं. बाबांनी फलक शेवटपर्यंत वाचला, खिशातला एल्बो काढून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे हे सगळं गळतीचंच काम."

त्या संध्याकाळी तयारी जास्त झाली. फोमच्या पाट्या कापून स्लाइडखाली उभ्या केल्या आणि पायथ्याशी बर्फ ढकलून दाबल्या, वारा शिरणं त्यानेच थांबतं. सिंकखालची दारं रात्रभर उघडी. सिंकखालच्या पाइपाच्या वळणात गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारं द्रव, ओतलं. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं, गाडीच्या रेडिएटरमधलं विषारी ते वेगळं. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि टाकी भरली की एकदम सोडायची. थेंबथेंब सोडलं तर पाणी पाइपातच गोठतं, आणि तो पाइप मोकळा करण्याचं वर्णन मी इथे करणार नाही. उबेसाठी शेगडी पेटवायची नाही, हेही आजोबांनीच बजावलं. कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच, शिवाय किलोभर प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते आणि ती खिडक्यांवर गोठते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नळांना पाणी होतं. बाबांनी फुटलेल्या आणि नव्या एल्बोचे फोटो निवृत्तांच्या ग्रुपवर टाकले. नऊ टक्क्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एका काकांनी पितळेचा भाव विचारला, आणि दुसऱ्यांनी कळवलं की हाच जोड साताऱ्यात निम्म्या पैशांत मिळाला असता, येताना घेऊन का गेला नाहीत.