बर्लिनच्या भिंतीची रात्र: मिनिटवार तक्ता कुठवर आला

बर्लिनची भिंत उघडली त्या रात्रीच्या, म्हणजे 9 नोव्हेंबर 1989 च्या तक्त्यात संध्याकाळी सहापासूनचे पहिले दोन तास आता बऱ्यापैकी भरले आहेत. मोठा बदल एकच: वेळेचे रकाने दोन केले. पहिल्यात घटना घडली ती वेळ, दुसऱ्यात ती कागदावर किंवा फितीवर उतरली ती. दोन्हींतलं अंतर वाढलं की साधन बखरीकडे झुकलंच. वीस वर्षांनी दिलेली मुलाखत ही बखरच, मग बोलणारा त्या रात्री फाटकावर उभा का असेना.

सगळ्यात पक्का तुकडा पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे नेते गुंटर शाबोव्स्की यांच्या पत्रकार परिषदेचा, कारण पूर्व जर्मन दूरचित्रवाणीने ती थेट दाखवली. प्रवासनियमांचा विषय निघतो तो 18:53 ला. 19:01 ला परिषद संपते. ‘कधीपासून?’ हा प्रश्न आपलाच, असा दावा नंतर एकाहून अधिक पत्रकारांनी केला. म्हणून तक्त्यात नाव न घालता ‘सभागृहातून प्रश्न’ एवढंच ठेवलं आहे. शाबोव्स्कींचं उत्तर मात्र स्वच्छ आहे: ‘सोफोर्ट, उनफेरत्स्यूगलिश’. ताबडतोब, विनाविलंब.

आता नव्या प्रवासनियमांचा मसुदा शेजारी ठेवून वाचा. ‘आब सोफोर्ट’, म्हणजे ‘आतापासून लगेच’, तिथेही आहेच. पण खासगी प्रवासासाठी आधी अर्ज करायचा आहे, आणि निवेदन 10 नोव्हेंबरला प्रसिद्ध करायचं आहे. म्हणजे शब्द चुकला नव्हता, तारीख निसटली होती. 19:05 ला एपी या वृत्तसंस्थेने ‘सीमा खुल्या’ अशी बातमी सोडली आणि त्या मथळ्यातून अर्जही गळाला. ही तीन साधनं एकाखाली एक लावली की गोंधळाचा उगम दिसतो. एकाच साधनावर तो कळत नाही.

त्या सत्ताधारी पक्षाचे कागद बर्लिन-लिश्टरफेल्डे इथे, जर्मन संघीय अभिलेखागारात, डीवाय 30 या संग्रहात आहेत. ‘इन्व्हेनियो’ या अभिलेखागाराच्या शोधयंत्रणेत शोधताना जुन्या पुस्तकातला क्रमांक लागला नाही, तर बैठकीची तारीख टाकून पाहा. पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या, इतिवृत्ताची स्वच्छ प्रत फक्त निर्णय देते. खाडाखोड आणि मसुदे हवे असतील तर कामाची प्रत मागवा. श्टाझी या पूर्व जर्मन गुप्त पोलिसांचे कागद 17 जून 2021 पासून याच अभिलेखागाराकडे आहेत, सुमारे 111 किलोमीटर. व्यक्तीच्या फायलीपासून सुरुवात केली तर अर्ज, वाट पाहणं आणि काळी केलेली नावं वाट्याला येतात. त्याऐवजी आधी झायग या श्टाझीच्या विश्लेषण विभागाचे नेतृत्वाला गेलेले अहवाल घ्या. 1989 चे जालावर वाचता येतात.

स्कॅन 300 डीपीआयवर, करड्या छटांत. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात पेन्सिलीच्या दुरुस्त्या उडतात. अक्षरओळखीत ‘उमलाउट’चे, म्हणजे जर्मन स्वरांवरचे, ठिपके गळतात आणि एस्त्सेट या जर्मन अक्षराचा (ß) ‘बी’ होतो, म्हणून शोध दोन्ही रूपांत करावा.

भारतीय वृत्तपत्रं चाळणाऱ्यांनी घड्याळ साडेचार तास पुढे धरावं. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या सीमानाक्याचं फाटक 23:30 च्या सुमारास उघडलं, तेव्हा मुंबईत 10 तारखेच्या पहाटेचे चार. ती गर्दी सकाळच्या अंकात शोधू नका, 11 चा अंक काढा.

त्या फाटकावरचे 21:30 ते 23:30 हे दोन तास अजून बखरीवरच उभे आहेत. तिथलं बोलकं साधन म्हणजे ओळखपत्रं: आधी सोडलेल्या काहींच्या फोटोवरच शिक्का मारला, म्हणजे परतीची वाट बंद. असं ओळखपत्र प्रदर्शनात दिसलं तर फोटो काढताना शिक्क्याची जागा आणि तारीख दोन्ही चौकटीत घ्या.