फक्कीच्या रेषा आणि सरांची वही

सूचनाफलक लागायच्या आधीच वार्षिक क्रीडास्पर्धांची चाहूल मैदानावर लागायची. एखाद्या सकाळी शाळेत पोहोचावं, तर दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणलेली आणि तिच्या कडेकडेनं खेळाचे सर वाकून फक्की टाकत चाललेले. रेषा पूर्ण झाली की ते कमरेवर हात ठेवून मागे बघायचे. पहिल्या तासाला आमचं निम्मं लक्ष खिडकीबाहेर. धावपट्टीची एक लेन १.२२ मीटर रुंद असते हे मला त्या सुतळीपाशीच कळलं, आणि अजून पाठ आहे.

सरांकडे एक जाड वही होती. तीत वर्गातल्या प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे दोन रकाने: मागचं वर्ष, हे वर्ष. निवड झालेल्यांची यादी वेगळी असे, पण या वहीत सगळेच असत. पहिल्याच फेरीत बाद झालेल्याचीही वेळ तीत लिहिली जायची. कुणी ‘मला नाही जमत’ म्हणालं तर सर वाद घालत नसत. ‘एक प्रकार निवड, आकडा लिहू दे,’ एवढंच म्हणायचे.

मी लांब उडी निवडली. पहिल्या वर्षी धावत आलो, उडी मारली आणि वाळूत पडताना तोल जाऊन हात मागे टेकला. लांब उडीत, ज्या फळीवरून उडी घेतात तिच्या जवळची, म्हणजे वाळूतली सगळ्यांत मागची खूण मोजतात. पायांच्या खुणा चांगल्या पुढे दिसत होत्या, पण टेप लागली ती माझ्या तळहाताच्या ठशाला. २.४२ मीटर. सर खाली बसले आणि हात व पाय यांच्या खुणांमधलं अंतर त्यांनी वितीनं मोजून दाखवलं. ‘पावणेदोन विती हातानं घालवल्यास. उडी आहे तुझ्यात, पडायला शिक.’ पुढचे कित्येक आठवडे मी फक्त पडायला शिकलो: गुडघे दुमडायचे, हात पुढे फेकायचे, अंग पुढे झोकून द्यायचं. दुसऱ्या वर्षी २.९६. नंबर पाचवा आला, पण वहीतले ते दोन आकडे शेजारी शेजारी बघताना जे वाटलं, ते नंतर फार थोड्या गोष्टींनी वाटलं.

रिलेचं वेड सगळ्यांत मोठं. आमच्या वेळी बॅटन, म्हणजे एकानं दुसऱ्याच्या हाती द्यायची छोटी नळी, बदलायचा टप्पा २० मीटरचा होता, आता ४ बाय १०० मीटरच्या रिलेत तो ३० मीटरचा आहे. त्या टप्प्यात पुढचा धावपटू मागे बघत नाही. मागून ‘हात!’ अशी हाक आली की पळता पळता हात मागे करायचा आणि विश्वास ठेवायचा. एका वर्षी आमच्या गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीच्या हातून इथेच बॅटन निसटली आणि घरंगळत लेनबाहेर गेली. नियम असा, की ज्याच्या हातून पडली त्यानंच ती उचलायची. इतरांच्या वाटेत न येता ती गेली, बॅटन उचलली, परत आली, पुढे दिली. तोवर बाकीचे गट शेवटच्या वळणावर होते. तरी आमचे उरलेले दोघं जीव तोडून धावले, आणि शेवटचा धावपटू रेषा ओलांडेपर्यंत सरांनी घड्याळ थांबवलं नाही. तीही वेळ वहीत गेली. पुढच्या वर्षी संघ ठरताना त्या मुलीनं स्वतःहून तोच दुसरा क्रमांक मागून घेतला.

आपल्या हातून सुटलेलं आपण उचलायचं, हे तिला कुणी भाषणातून सांगितलं नव्हतं.

शरीराचा हिशेब मला मोठेपणी कळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत. हाडांची मजबुती बरीचशी या वाढीच्या वयातच कमावली जाते, आणि त्यासाठी उड्या आणि धावणं फार उपयोगी. सराव सुरू झाला की रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप का लागायची, याचं उत्तरही मैदानातच होतं.

म्हणूनच निवडक दहाबारा मुलं धावतात आणि बाकीची शेकडो दिवसभर बसून टाळ्या वाजवतात, असं संमेलन पाहिलं की जिवाला लागतं. ज्याला खेळाची सगळ्यांत जास्त गरज, तेच मूल मांडी घालून बसलेलं असतं. उलट टोकही पाहिलं आहे: कोवळ्या वयात बारा महिने एकच खेळ, सुट्टी नाही, आणि मग गुडघा नाहीतर खांदा धरून बसलेलं मूल. आमच्या सरांच्या वेळापत्रकात विश्रांतीचा वारही ठरलेला असे, आणि त्या दिवशी मैदानावर दिसलं तर ते घरी पाठवत.

शाळेच्या शेवटच्या वर्षी बक्षीस समारंभ संपल्यावर, सुतळी गुंडाळून झाल्यावर, त्यांनी मला वही उघडून माझं पान दाखवलं. मी सगळे आकडे प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला उतरवून घेतले. ते प्रमाणपत्र अजून माझ्याकडे आहे. शेवटचा आकडा ३.७१. वहीत त्यापुढे सरांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, तेही मी तसंच उतरवलं: ‘हात टेकला नाही.’