डेडआय पुन्हा फुटले: ट्रिंकोमालीच्या मुख्य श्राउडची रखडकथा

मी 'ट्रिंकोमाली' या जुन्या शिडाच्या आरमारी जहाजाची छोटी प्रतिकृती बांधतो आहे. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की गणपतीपर्यंत मुख्य डोलकाठीचे श्राउड, म्हणजे तिला बाजूंनी ताणून धरणारे जाड दोर, आवळून होतील आणि दिवाळीत रॅटलाइन, म्हणजे श्राउडवर चढायच्या दोरीच्या पायऱ्या, सुरू करता येतील. श्राउडच्या खालच्या टोकाला डेडआय, म्हणजे तीन छिद्रांची लाकडी चकती, असते; जहाजाच्या बाजूला तशीच दुसरी असते, आणि दोघींतून ओवलेल्या बारीक दोराने, म्हणजे लॅनियार्डने, श्राउड आवळतात. प्रत्यक्षात गेल्या रविवारी उजव्या बाजूच्या रांगेतले तिसरे डेडआय लॅनियार्डचा दुसरा फेरा ओढताना 'टिक' असा आवाज करून दोन छिद्रांच्या मधून दुभंगले. त्याचा अर्धा भाग टेबलाखाली गेला तो अजून सापडलेला नाही. चॅनलवर, म्हणजे जहाजाच्या बाजूला बाहेर आलेल्या फळीवर, बसवलेले खालचे डेडआय फुटले असते तर साखळीसकट सगळे उपटावे लागले असते. वरचे फुटले, एवढेच काय ते नशीब.

हे पहिले असते तर हात जड पडला म्हणून सोडून दिले असते, पण या महिन्यातले हे चौथे. त्यामुळे बांधलेले तिन्ही श्राउड सोडले, दोरा रिळावर परत गुंडाळला आणि आधी या चकत्यांचा निकाल लावायचे ठरवले.

आकारांचा हिशेब नव्या मंडळींसाठी एकदा मांडतो. जुन्या कोष्टकांतली दोराची मापे परिघाची असतात, व्यासाची नव्हे, आणि इथेच निम्मे लोक फसतात. 8 इंची श्राउड म्हणजे 8 इंच परिघाचा दोर. 1:64 प्रमाणात त्याची जाडी साधारण 1 मिलिमीटर भरते. लॅनियार्ड त्याच्या निम्म्या मापाचा धरला तर तो 0.5 मिलिमीटर होतो आणि त्यासाठी 0.7 चे छिद्र लागते. डेडआयचा व्यास डोलकाठीच्या व्यासाच्या सुमारे निम्मा, या ढोबळ नियमाने माझ्या रेखाटनावरून 13 इंच निघतो, म्हणजे 5.16 मिलिमीटर. बाजारातले 5 मिलिमीटरचे डेडआय त्यामुळे मापाला चालतात. प्रश्न मापाचा नव्हताच.

फुटलेले तुकडे घड्याळजीच्या भिंगाखाली धरले तेव्हा कारण कळले. माझ्याकडची पाकिटातली डेडआय अक्रोडाच्या गोल दांडीच्या चकत्या पाडून केलेली आहेत. दांडीत लाकडाच्या रेषा लांबीला धावतात. चकती पाडली की त्या चकतीच्या जाडीतून आरपार जातात आणि तोंडावर फक्त त्यांची टोके दिसतात. अशा चकतीला कोणत्याही दिशेने ओढले तरी रेषा एकमेकींपासून सुटतातच, कारण तिच्या पातळीत एकही रेषा आडवी धरून ठेवत नाही. पूर्ण बांधलेल्या जोडीत ताण तिन्ही छिद्रांवर वाटला जातो, म्हणून ती टिकते. पण बांधत असताना एकेक फेरा तिरका ओढावा लागतो, एकाच छिद्रावर सगळा जोर येतो आणि दोन छिद्रांमधली जेमतेम दीड मिलिमीटरची भिंत हार मानते. त्यातून माझ्या पाकिटातली छिद्रे 0.5 ची होती आणि ती मीच 0.7 पर्यंत वाढवली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

अक्रोडाबद्दल माझे मत आधीपासून वाईट आहे आणि आता ते अधिक वाईट झाले आहे. त्याच्या पोतातली सूक्ष्म छिद्रे उघडी असतात, खोबणीची कड कुसळते आणि 3 मिलिमीटरच्या कप्पीवर त्या लाकडाचा पोत भिंतीवरच्या पोपड्यांसारखा दिसतो. विनोद असा की हाच आक्षेप सागालाही लागू पडतो. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेले आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलेले मूळ सागवानी ट्रिंकोमाली जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे, ते सागाच्या जोरावरच. आणि त्याच्याच प्रतिकृतीच्या कप्प्यांसाठी मला साग वापरता येत नाही.

पहिला विचार अर्थात परदेशातून बॉक्सवुडची तयार डेडआय मागवण्याचा होता. मागच्या वेळचे पार्सल सीमाशुल्क आणि कुरियरची हाताळणी धरून मालाच्या दीडपट किमतीला पडले होते, आणि आतल्या कप्प्यांपैकी निम्म्यांची छिद्रे बरोबर मध्यभागी होती. कप्पीत चाक मधोमध असते आणि दोर त्या चाकावरून जातो, म्हणून चाकाचे सोंग आणणारे छिद्र एका टोकाकडे सरकलेले हवे. मध्यभागी छिद्र असलेली कप्पी दुरून मण्यासारखी दिसते. विक्रेत्याला लिहिले तर त्याने छायाचित्र 'केवळ संदर्भासाठी' असल्याचे कळवले. तेव्हापासून मी पाकिटावरचे छायाचित्र पाहून कप्प्या घेत नाही; एकच नमुना मागवतो, त्यातून नेमका दोरा ओवतो आणि स्ट्रॉपची, म्हणजे कप्पीभोवती बांधायच्या दोराची, खोबण दोन्ही टोकांना आहे का ते नखाने चाचपतो.

मग वखारीत गेलो. हेदू मागितला तेव्हा वखारवाल्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या कापडी पिशवीकडे पाहिले. कापड गिरण्यांच्या बॉबिनसाठी वापरले जाणारे हे पिवळसर, घट्ट, बारीक पोताचे लाकूड आपल्याकडचे बॉक्सवुडच म्हणायला हवे. तुटक्या फळीचा दोन फुटी तुकडा त्याने चहाच्या पैशांत दिला. त्याच तुकड्यातून दोन प्रकारची दहा-दहा डेडआय केली: दहा दांडी तासून तिच्या चकत्या पाडून, आणि दहा फळीच्या सपाट तोंडातून पितळी नळीच्या दातेरी कटरने काढून, म्हणजे रेषा चकतीच्या पातळीत राहतील अशी. खोबणीत तार अडकवली, एकाच छिद्रातून लॅनियार्ड ओवला आणि त्याला अर्धा लिटर पाण्याची बाटली तिरकी लटकवली. दांडीची सहा टिकली, फळीची नऊ. दहावेही फुटले ते नेमके रेषेच्या दिशेने, कारण त्याची दोन छिद्रे एकाच रेषेवर आली होती.

इथवर लिहून मी जेवायला उठलो आणि वरणभात कालवताना लक्षात आले की एकाच तुकड्यातून खोबण कोरण्याचा हट्ट तरी कशाला? तीन थर चिकटवले आणि मधला थर व्यासाने लहान ठेवला तर खोबण आपोआप तयार होते, आणि मधल्या थराच्या रेषा बाहेरच्या थरांना काटकोनात ठेवल्या तर फुटायला दिशाच उरत नाही. लेझरने कापलेले काही संच असे थराथरांचे असतात हे मला ठाऊक होते, पण त्यांचा हेतू केवळ सोय असा मी समजत होतो. म्हणून वर जे 'फळीतून काढायची' असे ठरत आले होते ते रद्द समजावे.

दुसऱ्या दिवशी हेदूच्या पट्ट्या घासून 0.8 मिलिमीटरवर आणल्या. बाहेरच्या चकत्या 5 च्या, मधली 4.2 ची. पितळी नळीच्या तुकड्यात तीन छिद्रांची चकती झाळून छिद्रे नेमकी पाडण्यासाठी एक जिग, म्हणजे साचा, केला, 4.2 च्या चकतीसाठी आत एक बारीक कडे बसवले. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे सर्किट बोर्डाचे कार्बाइड ड्रिल या कामाला सर्वोत्तम आहेत, मात्र ते उभ्या स्टँडमध्येच लावावेत. हातात धरले की तिरक्या जोराने लगेच तुटतात. तीन मेण लावलेल्या पोलादी तारांवर तिन्ही चकत्या ओवून गोंद लावला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यात दाबून ठेवले. मेण लावायला विसरलेली पहिली जोडी आता तारांसकट आमच्या फ्रिजवर चुंबकाशेजारी शोभते आहे.

तयार झालेले डेडआय 2.4 मिलिमीटर जाड आणि खोबण दोन्ही बाजूंना 0.4 खोल भरली. 1 मिलिमीटरचा श्राउड तिच्यात अर्धा बसतो आणि अर्धा वर राहतो, जे मला हवे होते. या दहांना एक लिटरची बाटली लावली आणि दहाही टिकली. शेवटचे मी मुद्दाम हाताने ओढून पाहिले, तर आधी लॅनियार्ड तुटला.

कप्प्यांची हकीकत त्या मानाने थोडक्यात. दोराच्या परिघाच्या तिप्पट कप्पीची लांबी, या नियमाने 3 इंची दोराला 9 इंची कप्पी लागते, म्हणजे 3.57 मिलिमीटर, बाजारात 3 आहे आणि 5 आहे, मधले काही नाही. म्हणून त्याही घरीच. आतून वाळूकागद लावलेल्या बरणीत ड्रिलवर फिरवून त्या गोल करतो. पहिल्या खेपेला फोन आला, बरणी चाळीस मिनिटे फिरत राहिली आणि साबुदाणा तयार झाला.

हाताने केलेल्या कप्प्या थोड्या वेड्यावाकड्या असाव्यात, तेच खरे वाटते, असे मी मागे लिहिले होते. ते विधान मागे घेतो. अभियंता मार्क ब्रुनेलने रचलेली आणि यंत्रकार हेन्री मॉड्स्लेने घडवलेली यंत्रे इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत 1808 पर्यंत वर्षाला सुमारे 1,30,000 कप्प्या काढत होती, आणि दहा माणसे 110 कारागिरांचे काम करत होती. म्हणजे ट्रिंकोमालीच्या काळातल्या इंग्रजी आरमारी जहाजावर कप्प्या एकसारख्या असणे हेच इतिहासाला धरून आहे. माझी वेडीवाकडी पस्तीस आता डबीत सुट्या सामानात गेली.

काल रात्री नव्या डेडआयवर पहिला श्राउड बांधला. वरच्या आणि खालच्या डेडआयमध्ये तारेचा कंस अडकवून 14 मिलिमीटर अंतर राखले, लॅनियार्डची गाठ वरच्या डेडआयच्या जहाजाकडील तोंडाला घेतली आणि एकेक फेरा न थांबता ओढला. टिक झाले नाही. उरलेले उजव्या बाजूचे श्राउड या आठवड्यात होतील. डाव्या बाजूसाठी अजून चकत्या कापायच्या आहेत आणि 0.7 चे ड्रिल एकच शिल्लक आहे, तेव्हा शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणे आले.