1992 ची पाटी

बत्तीस वर्षं मी नववीच्या वर्गाला हिमनदी शिकवली आणि त्या बत्तीस वर्षांत एकदाही हिमनदी पाहिली नव्हती. आमची शाळा वाईजवळची. खिडकीतून पांडवगड दिसायचा, पावसाळ्यात त्याच्या अंगावरून ओढे धावायचे, आणि मी फळ्याकडे वळून खडूनं यू आकाराची दरी काढायचे. तिच्या वर लोंबती दरी, कडेनं पार्श्व हिमोढ म्हणजे बर्फानं आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, मागे हिमगव्हर म्हणजे बर्फानं कोरलेला खळगा, दोन हिमगव्हरांच्या मध्ये शुककूट म्हणजे धारदार कडा. मेषशिला, म्हणजे बर्फानं घासलेला बसक्या मेंढीसारखा खडक, म्हटलं की मुलं लगेच ओळखायची, कारण धनगरांच्या बसलेल्या मेंढ्या त्यांनी रोज पाहिलेल्या असायच्या. बाकी सगळं त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही खडूचंच होतं.

2024 मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्या सप्टेंबरात आम्ही दोघं कॅनडातल्या रॉकी पर्वताच्या टूरला गेलो. कॅल्गरीला उतरून पुढचे सगळे दिवस एकाच कोचमध्ये. अडतीस मंडळी, बहुतेक पुण्या-मुंबईची, काही नाशिकची. टूर मॅनेजर डोंबिवलीचा तिशीतला मुलगा. रोज सकाळी माणसं मोजायचा आणि कालची सीट कुणी धरून ठेवू नये म्हणून रोज एक रांग मागे सरकवायचा. पहिल्या दिवशी तो मला ‘काकू’ म्हणत होता. दुसऱ्या दिवशी बॅन्फच्या रस्त्यावर मी मागच्या सीटवरच्या दोघींना डोंगराचे थर का तिरके झालेत ते सांगत होते, ते त्यानं ऐकलं. त्यानंतर मी ‘बाई’ झाले.

लेक लुईसला गर्दी फार होती. तिथे आम्ही तासभरच थांबलो. व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचं नाव या तळ्याला आहे आणि ज्या प्रांतात ते आहे त्या अल्बर्टालाही तिचंच. स्टोनी नाकोडा लोक याला छोट्या माशांचं तळं म्हणत आलेत. मला ते नाव जास्त आवडलं.

मोरेन लेकला मात्र मी हलले नाही. तिथे आता खासगी गाड्या नेता येत नाहीत, बस आणि कोचच जातात, त्यामुळे कोचनं आल्याचा फायदा झाला. दहा शिखरांची रांग, त्यांच्या पायाशी निळं पाणी, आणि उतारावर पिवळे पडू लागलेले लार्च. सूचिपर्णी असूनही हे झाड पानं गाळतं, हे मी वर्गात अपवाद म्हणून सांगायचे. मोरेन म्हणजे आपला हिमोढ. वॉल्टर विलकॉक्स या गिर्यारोहकानं 1899 मध्ये हे नाव दिलं, कारण पाणी अडवणारा दगडांचा ढीग हिमनदीनं आणून टाकलाय असं त्याला वाटलं. आता बहुतेक भूशास्त्रज्ञ म्हणतात की तो शेजारचा डोंगर कोसळून झालेला ढीग आहे. त्या ढिगावर चढून मी दगड पाहत बसले. चपटे, कोपरे धारदार, कोसळून पडल्यासारखेच. विलकॉक्सची चूक समजण्यासारखी आहे. सगळीकडे हिमनदीनंच कोरलेलं असताना एवढा एक ढीग दुसऱ्या कुणी टाकला असेल, हे कुणाला सुचणार?

पण मला सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं. नशिबानं त्याच दिवशी पुढची सीट आमची होती.

लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा आइसफील्ड्स पार्कवे साधारण 230 किलोमीटरचा. 1930 च्या दशकातल्या मंदीत बेकार झालेल्या माणसांना काम म्हणून तो बांधायला घेतला आणि 1940 मध्ये खुला झाला. बराचसा कुदळ-फावड्यानं. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेल्या बायका मी ओळखते, म्हणून तो रस्ता मला नुसता देखणा वाटला नाही. दोन्ही बाजूंनी माझा फळा उभा होता. खरीखुरी यू आकाराची दरी, आणि वरच्या दरीतून धबधबा तुटून पडतोय, म्हणजे लोंबती दरी. ह्यांना म्हटलं, ‘‘बघा, अगदी तशीच!’’ हे म्हणाले, ‘‘मग, तू काय खोटं शिकवत होतीस?’’

क्रोफूट हिमनदीपाशी कोच हळू झाला. कावळ्याच्या पायासारखी तीन बोटं होती म्हणून हे नाव. खालचं बोट 1940 च्या दशकात तुटून गेलं. आता दोनच आहेत, आणि नाव तेच राहिलंय.

पेटो लेकला वरून पाहायचं असतं. एवढा गडद, दुधाळ निळा रंग कुठून येतो असं सगळेच विचारत होते. मी सांगितलं की जातं डोळ्यांसमोर आणा. बर्फ खाली सरकताना तळात अडकलेल्या दगडांनी खडक घासतो, त्याचं पीठ होतं. गव्हाच्या पिठापेक्षाही बारीक. ते पाण्यात तरंगत राहतं आणि उजेडातला निळा-हिरवा भाग आपल्याकडे परत फेकतं. वितळणं सुरू होण्याआधी, वसंतात, हेच तळं एवढं निळं नसतं. त्याच्या वरच्या पेटो हिमनदीची मोजमापं 1960 च्या दशकापासून घेतली जातात आणि तेव्हापासून तिचं बहुतेक वस्तुमान गेलंय. म्हणजे हा रंग त्या दळणाचाच आहे, आणि दळणारं जातं झिजत चाललंय. हे मी बोलले तेव्हा फोटो काढणारे दोघं-तिघं थांबले.

दुपारी अथाबास्का हिमनदी. मोठमोठ्या चाकांच्या खास गाड्यांतून बर्फावर नेतात. उतार एवढा की पुढच्या काचेतून फक्त खालचा रस्ता दिसतो. बर्फावर चढण्याआधी गाडी पाण्याच्या डबक्यातून चाकं धुऊन घेते, कारण माती लागलेला बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. उंबऱ्याशी पाय धुऊन घरात जावं तसं मला वाटलं.

मी बर्फावर उभी राहिले. पायाखाली काही ठिकाणी 300 मीटरपर्यंत जाड बर्फ. वारा बोचरा, कान दुखायला लागले. वाकून हात टेकवला. पहिल्यांदाच. बर्फातल्या निळ्या चिरा, त्यांतून वाहणारं पाणी, ते बाटलीत भरून प्यायले. वर कोलंबिया हिमक्षेत्राची पांढरी कड दिसत होती. तिथल्या स्नो डोम शिखरावरचं पाणी तीन महासागरांना जातं : अथाबास्का नदीतून उत्तरेला आर्क्टिककडे, सस्कॅचवान नदीतून हडसन उपसागराकडे म्हणजे अटलांटिकला, आणि कोलंबिया नदीतून पॅसिफिकला. मी वाईची. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळातून कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला, हे आम्हाला लहानपणी हात धरून दाखवलेलं असतं. त्यामुळे डोंगरमाथ्यावर पाण्याची वाटणी होते ती जागा पाहिली की माझे हात आपोआप जुळतात. तिथेही जुळले.

कार्यक्रमात एवढंच होतं. पण हिमनदीच्या टोकापर्यंत चालत जाणारी एक पायवाट आहे आणि तिच्यावर सालांच्या पाट्या लावल्यात, हे मी वाचून गेले होते. मॅनेजरला म्हटलं, ‘‘बाळा, मला जेवण नको. तेवढ्या वेळात मला तिथे सोड.’’ तो घड्याळ बघत राहिला, मग ड्रायव्हरशी बोलला. ‘‘बाई, चाळीस मिनिटं. त्यापुढे एक मिनिट नाही.’’ ह्यांना गुडघ्यामुळे जमणार नव्हतं. नाशिकची एक कॉलेजातली मुलगी माझ्याबरोबर आली.

करडे खडक, मधून वारा. खडकांवर लांबच लांब ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. मी त्यांवर बोट फिरवलं. हे मी वर्गात ‘रेखाघर्षण’ म्हणून एका वाक्यात उरकायचे. आणि मग पाट्या. या साली बर्फ इथपर्यंत होता, एवढंच सांगणाऱ्या. 1982 ची पाटी आली तेव्हा मी मनात म्हटलं, दहावी पास झाले ते वर्ष. पुढे 1992.

1992 च्या जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. त्याच वर्षी पहिल्यांदा हा धडा घेतला. हिमनदी अतिशय मंद गतीनं काम करते, माणसाच्या आयुष्यात तिच्यातला बदल जाणवत नाही, असं मी मुलांना सांगितलं होतं. मला वाक्य आठवतंय, कारण दर वर्षी तेच सांगत आले. आणि त्या पाटीपाशी उभं राहून समोर पाहिलं तर बर्फ कुठेतरी लांब, वर, खडकांच्या पलीकडे. मधली सगळी जमीन माझ्या नोकरीच्या वर्षांत उघडी पडलेली. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलीय, हा आकडा मला माहीत होता. पण त्यातला एवढा तुकडा माझ्या हजेरीपटाच्या वर्षांतला आहे, हे मी कधी तसं मोजलं नव्हतं.

मी पावलं मोजायला सुरुवात केली. पाटीपासून बर्फापर्यंत. चढ दमवणारा होता, ती मुलगी दर शंभराला माझा आकडा म्हणून दाखवायची, म्हणजे विसरू नये. मग दोरी आली. पुढे बर्फात लपलेल्या भेगा असतात, लोक पडून गेलेत, म्हणून जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बर्फ दोरीच्याही पुढे होता. मोजणी तिथेच अपुरी राहिली. त्या मुलीनं विचारलं, ‘‘बाई, आता काय लिहायचं?’’ मी आकडा आणि त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह लिहायला सांगितलं.

कोचमध्ये ह्यांनी माझं सँडविच आणि नाशिकच्या काकूंनी चिवडा ठेवला होता. जॅस्परकडे उतरताना कुणी फारसं बोलत नव्हतं. गावाजवळ दोन्ही बाजूंना काळे, नुसते सोट उभे होते. जुलै 2024 च्या वणव्यात हे जंगल आणि गावातली एक तृतीयांश घरं जळाली. वणव्यांची काजळी हिमनद्यांवर जाऊन बसते आणि काळा बर्फ लवकर वितळतो. चाकं धुणारी ती गाडी आठवली.

रात्री खोलीत बूट धुवायला घेतले. तळव्यांच्या खाचांत करडा गाळ बसला होता, बोटांना लागतो न लागतो असा मऊ. बेसिनमध्ये पाणी सोडलं, तर तो खाली बसेना. पाणी दुधाळ झालं आणि बराच वेळ तसंच राहिलं. ह्यांना हाक मारून दाखवलं.