चुकल्याचुकल्यासारखं

जेवणं झाली, भांडी मोरीत टाकली आणि उचकी लागली. पाणी प्यायचं सोडून मी आधी नावं घेतली. नवरा? तो बँकेत, मार्चअखेर, त्याला स्वतःची आठवण नसेल. मोठ्या जाऊबाई? त्या आठवण काढतात, पण तेव्हा उचकी नाही, ठसका लागतो. लेकीचं नाव घेतलं आणि थांबली. तिसऱ्या नावाला बहुतेक थांबतेच म्हणा. तेवढ्यात फोन वाजला. हॅम्बुर्गहून लेकीचा मेसेज : 'मिस यू आई. कटाची आमटी पण खूप मिस करतेय.'

आता आमटीच्या पंगतीला बसायला माझी ना नाही. पण हे 'मिस करणं' माझ्या कानाला पहिल्यापासून टोचतं. आमच्या घरात मिस व्हायची ती एसटी. नाहीतर शाळेत असायची, हातात डस्टर घेऊन. (ती मिस वेगळी, 'मिस्ट्रेस'चं शेपूट तोडून झालेली.) आठवण ही का करायची गोष्ट आहे? ती येते. पाहुण्यासारखी, न कळवता, बहुधा भाताला उकळी आलेली असताना. करमत नाही, जीव लागत नाही, घर खायला उठतं. या सगळ्यात आपण कुठे काय करतो? आपलं होतं. इंग्रज मात्र तिथेही कर्ता होऊन बसला : 'आय' मिस यू. त्या मानाने फ्रेंच माणूस आपल्या जवळचा. तो हेच वाक्य उलटं लावतो. तू मला उणा पडतोस, असं काहीसं. कर्ता 'तू', आणि 'मी' बिचारा 'मला' होऊन कडेला उभा.

दुपारी झोप लागणार नव्हतीच, म्हणून कपाटावरचा जाडा शब्दकोश काढला. मनात हेतू चांगला नव्हता. लेकीला चार ओळी सुनवायच्या होत्या.

'मिस' हा शब्द हजार वर्षांहून जुना निघाला. जुन्या इंग्रजीत तो 'मिसान', अर्थ नेम हुकणे. बाण सोडला, लागला नाही, झालं 'मिस'. जर्मनमध्ये त्याची भावंडं आहेत, म्हणजे माझी लेक तिथे रोज ऐकतच असणार. 'मिस्टेक'मधला 'मिस' त्याच घराण्यातला. आणखी मागे गेलं तर मुळाशी अर्थ येतो तो भरकटण्याचा, वाट सोडून जाण्याचा. कुणावाचून जीव कासावीस होणं हा अर्थ पुष्कळ उशिरा, पंधराव्या शतकाच्या अखेरीस चिकटला. म्हणजे आधी कित्येक शतकं नुसतेच बाण हुकत होते.

नेम चुकणे. वाट चुकणे. मी चष्मा काढून बसले. कारण लेक गेली त्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, 'कसं वाटतंय गं घरात?' आणि मी म्हणाले होते, 'चुकल्याचुकल्यासारखं होतंय.'

शब्दाला शब्द. इंग्रजाकडून घेतलेला नव्हे हं, माझ्या आजीकडून आलेला. आणि तिला इंग्रजी अंगठा उमटवण्यापुरतंही येत नव्हतं.

आजीबरोबर मी आषाढीला पंढरपूरला गेले होते, सात वर्षांची असताना. चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नाही. आजीने पदराचं टोक माझ्या मुठीत दिलं होतं, 'सोडलंस तर बघ.' मी सोडलं नाही. बराच वेळ चालल्यावर वर पाहिलं तर पदर हिरवाच होता, बाई दुसरी होती. त्या बाईने मला चुकलेल्या माणसांच्या मांडवात नेऊन बसवलं. तिथे पोरं थोडी आणि म्हाताऱ्याच जास्त. वर कर्णा सतत चालू, अमक्या गावची अमकी बाई, तुमची माणसं इथं थांबली आहेत. कुणीतरी ओंजळभर चुरमुरे दिले. मी एकेक मोजून खात होते, संपले की रडायचं असं ठरवून.

चुरमुरे संपायच्या आत आजी आली. पाठीत धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं. 'कुटं चुकलीस गं भवाने?'

'मी नाही चुकले. तूच चुकलीस.'

मांडव हसला. आजी सोडून. परतीच्या एसटीत ती सांगोल्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पुढे कॉलेजात तुकोबांचा अभंग अभ्यासाला आला. 'कन्या सासुऱ्यासी जाये', सगळ्यांना पाठ असतो तो. त्यात एक ओळ आहे : 'चुकलिया माये । बाळ हुरू हुरू पाहे'. बाळ चुकलेलं नाही, माय चुकली आहे. बाळ आहे तिथेच आहे, फक्त पाहतंय. तीनशेहून जास्त वर्षं आधी माझी बाजू कुणीतरी घेऊन ठेवली होती. सुट्टीत घरी जाऊन आजीला ओळ वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, 'तुकोबाला काय जातंय बोलायला. शोधत मी हिंडले.'

लेकीला काय लिहायचं ते राहूनच गेलं. 'मी पण' एवढं लिहिलं आणि कटाची आमटी तिथे कशी करायची ते पाठवलं.

आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खाटेवर बसून ती दाराकडे बघायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, 'माझी माणसं कुटं दिसली का वो? चुकामूक झालीया.' सगळे सांगायचे, अहो आम्हीच तुमची माणसं. ते तिला पटायचं नाही. मग एकदा मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मांडवातल्या त्या कर्ण्यासारखं, सावकाश, तिचं पूर्ण नाव घेतलं, तिच्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं आणि म्हटलं, तुमची माणसं इथं थांबली आहेत.

ती उठली, चपला शोधायला लागली.