भोंगा वाजला, आणि मी चुकीच्या दिशेला पळाले

3 फेब्रुवारी 2016, बुधवार. झुरिकला येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. नवरा ऑफिसात, आठ महिन्यांची लेक पाळण्यात, आणि मी पुण्याला आईशी फोनवर बोलत होते. आमच्याकडे दुपारचा दीड वाजला आणि खिडकीबाहेर भोंगा सुरू झाला. आवाज चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. तो एका जागेवरून येत नव्हता. जवळचा एक, नदीपलीकडचा एक, आणि त्यांच्यामागे आणखी कितीतरी एकमेकांत मिसळले होते. आईलाही तो फोनवरून ऐकू गेला. ती म्हणाली, "अगं, हा कसला भोंगा? तीस जानेवारी तर होऊन गेली की."

आमच्या पिढीच्या पुणेकराला भोंगा म्हटले की हुतात्मा दिनाचे अकरा वाजताचे दोन मिनिटांचे मौन आठवते, किंवा आजीने सांगितलेल्या युद्धकाळच्या ब्लॅकआउटच्या गोष्टी. इथे यांपैकी काहीच लागू नव्हते. मी खाली रस्त्यावर पाहिले. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, ट्राम थांब्यावर थांबून पुढे गेली, समोरच्या बेकरीत रांग होती. कोणी मान वर करूनही पाहिले नाही. त्यामुळे धीर येण्याऐवजी मी अधिकच घाबरले, कारण सगळ्यांना काय करायचे ते ठाऊक असावे आणि मलाच ठाऊक नसावे असे वाटले.

मला त्या इमारतीबद्दल एकच गोष्ट माहीत होती. तळघरात वीतभर जाडीच्या काँक्रीटच्या दाराआड एक निवारा होता. शीतयुद्धाच्या काळात या देशाने प्रत्येक रहिवाशासाठी निवाऱ्यात जागा असावी असा कायदाच केला, त्यामुळे असे निवारे घरोघरी आहेत. आमच्या निवाऱ्यात शेजाऱ्यांच्या स्की, वाइनच्या बाटल्या आणि जुनी कपाटे होती. मी फोन तसाच सोडला, लेकीला दुलईत गुंडाळले आणि तीन मजले उतरून खाली गेले.

खाली धुण्याच्या खोलीत तळमजल्यावरच्या आजीबाई चादरीच्या घड्या घालत होत्या. इथे कपडे धुण्याचेही वेळापत्रक असते आणि बुधवारची दुपार त्यांची होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, दुलईकडे पाहिले, आणि हात हलवत एकच शब्द दोनदा म्हणाल्या, "प्रोबे, प्रोबे." माझे जर्मन तेव्हा पहिल्या पुस्तकातल्या पाचव्या धड्यापर्यंतच पोचले होते, पण हा शब्द नवऱ्याच्या नोकरीच्या करारात आला होता, 'प्रोबेत्साइट' म्हणजे परीक्षाकाळ. म्हणजे हा भोंगाही परीक्षेपुरताच होता. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता देशभरचे सगळे भोंगे वाजवून पाहतात, हे त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून समजावले. मी ओशाळून वर आले आणि आईला फोन लावून तिची समजूत घातली.

दोन वाजून गेल्यावर पुन्हा आवाज आला, पण तो वेगळा होता. चढउतार नव्हता; खोल, सपाट हुंकार वीसेक सेकंद चालायचा, मग थोडी शांतता, मग पुन्हा हुंकार. पुढे मला कळले की नियमाने हे वीस सेकंदांचे बारा स्वर असतात आणि मधे दहा-दहा सेकंदांची विश्रांती असते, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ सहा मिनिटे. या वेळी मी घाबरले नाही, पण कोडे सुटेना. मी लेकीला घेऊन सरळ आजीबाईंचे दार वाजवले.

त्यांनी टेलिफोन डिरेक्टरी आणली आणि शेवटची पाने उघडली. तिथे दोन्ही भोंग्यांच्या आकृत्या छापलेल्या होत्या. चढउताराचा भोंगा हा सर्वसाधारण इशारा: रेडिओ लावा, सूचना पाळा, शेजाऱ्यांना सांगा. तुटक खोल स्वर हा पाण्याचा इशारा: धोक्याचा भाग ताबडतोब सोडा. मग त्यांनी खिडकीतून नदी दाखवली. नदीचे नाव झील. (हिंदीत झील म्हणजे तलाव, त्यामुळे मला ते नाव कायम उलटे वाटत आले आहे.) तिच्यावर आइन्सीडेल्नजवळ 1937 पासून मोठे धरण आहे. धरण फुटल्यापासून दोन तासांच्या आत जिथे पाणी पोचू शकते, त्या पट्ट्यासाठी हा वेगळा भोंगा असतो, आणि झुरिकचा नदीकाठ, म्हणजे आमची गल्लीही, त्या पट्ट्यात येते. "केलर?" असे म्हणून त्यांनी तळघराकडे बोट केले आणि जोराने नकारार्थी मान हलवली. मग बोट डोंगराकडे वळवले.

मघाशी मी लेकीला घेऊन नेमकी त्या तळघरात गेले होते.

मला तिथे बसल्या बसल्या माझी आजी आठवली. ती नारायण पेठेत राहायची. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, मग खडकवासल्यानेही मान टाकली, आणि आजीला पाणी येत असल्याचे कळले ते रस्त्यावरून ओरडत धावणाऱ्या माणसांकडून. तिने देवघरातला बाळकृष्ण तेवढा पदरात बांधला होता. मी हे मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितले. आजीबाईंना किती कळले कोण जाणे, पण त्यांनी कॉफी टाकली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे बाबागाडी घेऊन उंचावर जायची वाट शोधायला निघालो. नकाशावर सर्वात जवळचा रस्ता दिसत होता, त्याच्या मध्यावर दगडी पायऱ्या निघाल्या. बाबागाडी उचलून चढताना चाक निसटले आणि आम्ही परत फिरलो. दुसरी वाट वळणाची पण चढणीची होती, तिने अठरा मिनिटे लागली. ती वाट मी कागदावर काढून फ्रिजला चिकटवली, आणि खाली देवनागरीत लिहिले: "चढउतार: रेडिओ. तुटक: डोंगर." आता 2018 पासून अलर्टस्विस नावाच्या सरकारी ॲपवर धोक्याच्या सूचना येतात, इंग्रजीतही. तरी तो कागद काढलेला नाही.

7 मे 2025 रोजी भारतभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, त्यात पुणेही होते. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "तुला यातलं कळतं. भोंगा वाजला तर खाली जायचं की वर?" मी विचारले, "आवाज वरखाली होत होता की सरळ?" चढउतार म्हणजे धोका आणि सरळ लांब स्वर म्हणजे धोका टळला, हे मी तिला सांगणार होते.

"आमच्याकडे ऐकूच आला नाही," आई म्हणाली. "बातम्यांत दाखवला तेवढाच."